एक पट्टी की दोन

तिसरा स्क्रू ओठांत धरून सुतार स्टुलावर उभा होता आणि स्वयंपाकघराच्या दाराची वरची बिजागरी चौकटीला बसवत होता. दोन स्क्रू बसले होते. खाली सासूबाई दोन्ही हातांनी दार उचलून धरून उभ्या होत्या, पण दार धरण्यापेक्षा बोलण्यावरच त्यांचा जोर जास्त होता.

"सुताराच्याच घरचं दार कुरकुरतंय, आणि हे गावभर दारं बसवत हिंडतात. बायको वर्षभर घसा कोरडा करतेय, तेव्हा कुठे आज मुहूर्त लागला."

तोंडात स्क्रू असल्यामुळे सुताराला उत्तर देता येत नव्हतं, आणि हे सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं. तेवढ्यात खिडकीत ठेवलेला फोन वाजला. त्यांनी एका हाताने दार सांभाळत दुसऱ्या हाताने फोन त्याच्याकडे वर दिला. पलीकडून कापडाच्या दुकानातली बाई बोलत होती, त्याच्या बायकोबरोबर काम करणारी. सुताराला हॅलोसुद्धा म्हणता आलं नाही. तो नुसता ऐकत राहिला.

"कोण आहे? बोला की. का स्क्रू गिळलात?"

त्याने स्क्रू तोंडातून काढला, शर्टाच्या खिशात टाकला आणि स्टुलावरून खाली उतरला. त्याची बायको गिऱ्हाइकासमोर कापडाचा तागा उलगडता उलगडता खाली बसली होती, ती पुन्हा उठली नव्हती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हे सासूबाईंना आपण कोणत्या शब्दांत सांगितलं ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. त्यांनी बराच वेळ दार सोडलं नव्हतं, एवढं आठवायचं.

त्या लेकीकडे चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. त्या राहिल्या. राहा असं त्याने म्हटलं नाही, जाते असं त्यांनी म्हटलं नाही. दुसऱ्या गावी त्यांचा मुलगा होता, तो अधूनमधून फोन करून विचारायचा, "आई, किती दिवस जावयाकडे राहणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील म्हातारी बिचारी जावयाचे हाल बघवत नाहीत म्हणून राहिली," सासूबाई म्हणायच्या. "त्याला साधा चहा करता येत नाही. पाण्यात साखर विरघळते एवढंच त्याला माहीत आहे."

खरं तर चहा त्याला बरा जमायचा. पण तो बोलायचा नाही, कारण या बोलण्यांमध्ये कुठे ना कुठे बायकोचं नाव यायचं. तिचं काही चांगलं सांगायचं असलं की सासूबाई 'माझी लेक' म्हणायच्या, वाईट सांगायचं असलं की 'तुमची बायको'. माझ्या लेकीच्या हाताला चव होती. तुमच्या बायकोने हा तवा करपवून ठेवला. अशा रीतीने दिवसभरात दोघींचीही आठवण निघायची.

एका गोष्टीबद्दल मात्र घरात कुणी बोलत नव्हतं. वरची बिजागरी दोन स्क्रूंवरच राहिली होती. सुताराला कुठेही रिकामं भोक दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. लोकांकडे जेवायला गेला तरी तो आधी खुर्ची उलटी करून बघायचा. पण या दारातून तो मान वर न करता जायचा. तो तिसरा स्क्रू चहाच्या डब्याशेजारी एका झाकणात पडून होता. दार कुरकुरायचं, आणि जिभेला हाड नसलेल्या सासूबाई त्यावर चकार शब्द काढत नसत.

मग एके दिवशी सकाळी त्या मांजराच्या मागे धावल्या.

मांजर शेजारच्या काकूंचं होतं आणि त्याने दुधात तोंड घातलं होतं. सासूबाई झाडू घेऊन त्याच्यामागे अंगणापर्यंत गेल्या आणि शेवटची पायरी त्यांच्या हिशेबात राहिली नाही. सुतार धावत आला तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या. उजवा पाय गुडघ्याच्या वर भलत्याच दिशेला वळला होता, चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते मेलं पळालं का?" त्यांनी विचारलं.

"पळालं."

"मग आता मला उचला."

हाडांच्या दवाखान्यात डॉक्टर नवरा-बायको होते. नवरा उंच, वाकून चालणारा. बायको ठेंगणी, भरभर बोलणारी. दोघांनी भिंतीवरच्या दिव्यावर एक्स-रे लावला. सुतारालाही दिसत होतं. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर फुटलं होतं. मोडलं होतं असं म्हणण्यासारखं नव्हतं, फुटलंच होतं. आतल्या अंगाला तर चुरा होता, आणि एक चीर सरळ खाली सांध्यात गेली होती.

डॉक्टरांनी टेबलावर प्लास्टिकचं एक हाड ठेवलं आणि खणातून धातूच्या दोन पट्ट्या काढल्या. एक लांब, एक आखूड. दोन्हींना ओळीने भोकं होती. सुताराने नकळत हात पुढे केला आणि लांब पट्टी उचलून डोळ्यासमोर धरली, जशी तो फळी सरळ आहे का ते बघायचा.

"वाकडी आहे," तो म्हणाला.

"हाड वाकडं असतं म्हणून," डॉक्टर म्हणाले. "ही बाहेरच्या अंगाने बसते. एकच पट्टी, लांब. स्क्रू पट्टीतच आटे धरून घट्ट बसतात, त्यामुळे हाड ठिसूळ असलं तरी पकड राहते. एक चीर, कमी रक्त, आजी लवकर बाहेर."

"आणि आतल्या अंगाला कोण धरणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुझा आशीर्वाद?"

"आतून हाड भरून येईल."

"आलं तर. तिकडे चुरा झालाय. एकाच बाजूने धरलं तर दुसरी बाजू बसणार, पाय वाकडा होणार, नाहीतर पट्टी तुटणार. मी म्हणते आतूनही एक आखूड पट्टी बसवू. दोन्हीकडून धरलं की बिनघोर."

"दुसरी चीर, दुप्पट वेळ भूल. यांचं वय बघ. आणि तुकड्यांना रक्त कुठून मिळणार? सगळीकडून सोलून काढलंस तर त्यांनी जुळायचं कशाच्या जोरावर?"

"सोलायला मी काय बटाटा घेतलाय हातात?"

"हाडाच्या नळीतून सळई घालतात म्हणे," सुतार मध्येच म्हणाला. त्याच्या एका गिऱ्हाइकाला तशी घातली होती.

दोघांनी एकदमच मान हलवली. "चीर सांध्यात गेली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाली सळई धरून ठेवायला पुरेसं हाडच उरलेलं नाही."

"चला, एका बाबतीत तरी एकमत झालं," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. कळा येत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष इकडे होतं. "किती वर्षं झाली लग्नाला?"

"पुष्कळ," डॉक्टर म्हणाले.

"दिसतंच आहे. तुमचं भांडण मिटेपर्यंत माझं हाड आपोआप जुळेल."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी सासूबाईंच्या पायाखालची उशी नीट केली. सुतार त्या दोघांकडे बघत होता. बोलताना डॉक्टरांनी न बघता हात पुढे केला होता आणि बाईंनी न विचारता त्यात चष्मा ठेवला होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"तुमचं काय मत?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"दोन पट्ट्या," सुतार ठामपणे म्हणाला. "आणि सगळी भोकं भरून टाका. एकसुद्धा रिकामं ठेवू नका."

"बघा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं, की आधी बाहेरची लांब पट्टी बसवायची आणि पाय हलवून बघायचा. आतली बाजू उघडली-मिटली तर दुसरी पट्टी, नाहीतर राहू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. एकाच पट्टीवर भागलं. डॉक्टर खुशीत होते. बाई म्हणाल्या, "आत्ता धरलंय. पुढचं पुढे बघू." त्यांनी नवा एक्स-रे दाखवला तेव्हा सुतार जवळ गेला आणि त्याने बोट लावून पट्टीवरची भोकं मोजली.

"डॉक्टर, ही भोकं राहिली."

"राहिली नाहीत. ठेवलीत."

"स्क्रू संपले का?"

"अहो, मुद्दाम ठेवलीत. हाडाला थोडं हलायला जागा लागते. अगदी केसभर. तेवढं हललं की त्याला कळतं, आपण मोडलोय. मग ते कामाला लागतं, भरायला लागतं. सगळं गच्च आवळून टाकलं तर ते झोपून राहतं. मग सगळा भार पट्टी एकटी वाहते, आणि पट्टी काही जिवंत नाही. ती थकते. एक दिवस तुटते."

"लाकडाचं असं नसतं."

"लाकूड मेलेलं असतं."

हे सुताराला पटलं नाही. त्याने आयुष्यभर जे जोडलं होतं ते गच्च जोडलं होतं, आणि त्यातलं काही परत आलं नव्हतं. डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातलं त्याने एकच धरून ठेवलं. पट्टी तुटते.

सासूबाई घरी आल्या त्याआधी त्याने खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे केले होते. उशाशी फळी, फळीवर पाणी, घंटा, औषधं, चष्मा. पायाशी उतरती चौकट, पाय हलू नये म्हणून. सगळं रंधून, कडा गोल करून, हात फिरवला तर कुसळ लागणार नाही असं.

"हे काय, खाट आहे का पाळणा?" सासूबाई म्हणाल्या.

"पडाल."

"मी काय रांगायला लागलेय?"

सुरुवातीला पायावर भार द्यायचाच नव्हता, तेव्हा हे ठीक होतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी वॉकर दिला आणि सांगितलं, आता थोडा थोडा भार द्यायचा, दुखेल तिथे थांबायचं, पण रोज चालायचं. सुताराने मान हलवली. घरी आल्यावर त्याने वॉकर भिंतीशी उभा केला आणि त्यावर टॉवेल वाळत घातला.

"आज नको," तो म्हणायचा. "अजून ओलं आहे."

"काय ओलं आहे?"

"जोड. सरस वाळेपर्यंत शिकंजा सोडायचा नसतो, आई. घाईने सोडला की आयुष्यभर डुगडुगतं."

"मला सरस नाही लावलेला!"

"एकच आहे."

सकाळी तो त्यांना उचलून खुर्चीत बसवायचा, दुपारी कामावरून येऊन पुन्हा खाटेवर ठेवायचा. मधल्या वेळेत शेजारच्या काकू येऊन बसायच्या, मांजरासकट. मांजराला आता खाटेच्या पायथ्याशी जागा मिळाली होती. सासूबाई त्याला 'खुनी' म्हणायच्या आणि स्वतःच्या कपातलं दूध द्यायच्या.

त्यानंतरच्या तपासणीला एक्स-रेमध्ये आतल्या अंगाला काहीच नव्हतं. चुरा होता तिथे काळी फट तशीच होती. डॉक्टर काचेजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. डॉक्टरीणबाईंनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. त्यांनी म्हणायला हवं होतं, असं सुताराला वाटलं. न म्हटल्यामुळे तो जास्त घाबरला.

"पट्टी आणि हाड यांची शर्यत असते," त्या म्हणाल्या. "हाड आधी भरलं तर आपण जिंकलो. पट्टी आधी थकली तर हरलो. पुढच्या वेळी असंच दिसलं तर पुन्हा उघडावं लागेल. कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं आणि आतून दुसरी पट्टी." त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. "आजी, चालता ना रोज?"

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. जावयाने एक्स-रेकडे बघितलं.

"पळते," सासूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. सुतार बाजूला बसून ऐकत होता. पुन्हा ऑपरेशन करायचं असेल तर इकडे करू, मुलगा म्हणत होता. इथे बायको घरी असते. एकटा माणूस किती करणार? पुरुषमाणसाने म्हाताऱ्या बाईचं करायचं, बरं दिसत नाही. पुढच्या तपासणीत हाड जुळलेलं दिसलं नाही, तर मी गाडी घेऊन येतो आणि आईला घेऊन जातो.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. मग त्या म्हणाल्या, "त्याच्या बायकोचा स्वभाव चांगला आहे. पण ती फार गोड बोलते. मला पचत नाही."

सुतार उठून चहा करायला गेला. दार कुरकुरलं. त्याने चहाच्या डब्याशेजारचं झाकण थोडं मागे सरकवलं आणि डबा काढला. सासूबाई गेल्या तर या घरात 'तुमची बायको' असं कोण म्हणणार, हे त्याच्या मनात आलं, आणि चहात साखर दोनदा पडली.

"बघा," सासूबाई घोट घेऊन म्हणाल्या, "पाण्यात साखर."

पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका रविवारी सुतार स्वयंपाकघरात फरशी पुसत होता. दाराखाली फडकं अडलं. त्याने वाकून बघितलं. फरशीवर एक बारीक, गोल रेघ उमटली होती, दार जितकं उघडतं तितकीच लांब. ताजी होती. बोटाने पुसली तर पांढरी धूळ लागली.

दार खाली बसलं होतं. केसभरच, पण बसलं होतं.

तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला. दार आपोआप बसत नाही. दीड वर्ष ते दोन स्क्रूंवर होतं आणि एवढा काळ फरशीला लागलं नव्हतं. त्याच्यावर कुणीतरी भार टाकत होतं. रोज टाकत होतं. त्याने खालून वरपर्यंत दाराची कड तपासली. कमरेच्या उंचीला रंगावर चार बोटांचा मळकट, गुळगुळीत डाग पडला होता. स्वतःच्या हाताच्या उंचीशी त्याने तो ताडून पाहिला. त्याचा हात बराच वर यायचा. काकूंचाही वर आला असता.

बाहेर खाटेवर सासूबाई मांजराशी बोलत होत्या. "खुन्या, सरक जरा. दिवसभर लोळतोस, हाडं गंजतील तुझी."

सुताराने भिंतीशी ठेवलेला वॉकर बघितला. टॉवेल त्यावर होताच. पण घडी त्याने घातली होती तशी नव्हती. तो टॉवेल लांबीत घडी करायचा; हा रुंदीत होता, बायका घालतात तसा.

त्याचे कान लाल झाले. तो दोन पावलं खाटेच्या दिशेने गेला. मग थांबला, परत दाराशी आला, आणि दार हातात धरून हळूच खाली दाबलं. दार केसभर हललं, कुरकुरलं, आणि त्याने पकड सोडल्यावर परत जागेवर आलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा आलं.

"काय चाललंय तिकडे?" सासूबाईंनी विचारलं. आवाज जरा चढा होता.

"काही नाही. फरशी पुसतोय."

त्याने झाकणातला तिसरा स्क्रू उचलला. बसवला तर दार वर उचललं जाईल, रेघ थांबेल. पण मग सासूबाईंना कळेल, याला कळलं. मग त्या चालायच्या थांबतील, किंवा तोच त्यांना थांबवेल. त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. स्क्रू त्याने परत झाकणात टाकला.

त्याऐवजी दुपारी, काकूंनी सासूबाईंचे केस धुवायला घेतले तेव्हा, त्याने खालच्या बिजागरीचे जुने स्क्रू काढून त्या जागी लांब स्क्रू बसवले, चौकटीच्या आतपर्यंत जाणारे. आता त्या दारावर बैल टेकला असता तरी चाललं असतं. वरचं त्याने तसंच ठेवलं. दार पूर्वीइतकंच कुरकुरत होतं की नाही, हे त्याने दोनदा उघडून पाहिलं. कुरकुरत होतं. मग खाटेपासून दारापर्यंतच्या वाटेतलं स्टूल त्याने उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि पायपुसणं गुंडाळून कपाटावर टाकलं.

"पायपुसणं कुठे गेलं?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

"धुवायला टाकलंय."

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर जरा लवकर जायला लागला, आणि दुपारी येताना कोपऱ्यावरूनच मोठ्याने खोकत यायचा.

"तुम्हाला खोकला झालाय," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत रेलून बसल्या होत्या, चादर हनुवटीपर्यंत, आणि त्यांना किंचित धाप लागली होती.

"भुसा जातो घशात," सुतार म्हणाला.

तपासणीच्या दिवशी त्याने दाढी दोनदा केली. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि एकदम मागे वळून बायकोला हाक मारली.

"ये. ये इकडे. बघ."

आतल्या अंगाला, काळी फट होती तिथे, पांढुरका ढग आला होता. कडा धूसर, पण वरच्या हाडापासून खालच्या हाडापर्यंत सलग. सुतार नाक टेकेल इतका जवळ गेला. पट्टी सरळ होती. रिकामी भोकं रिकामीच होती. पण त्यांच्या पलीकडे हाड होतं.

"एक पट्टी," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बोट वर केलं. "एक."

"एकदा साधलं म्हणून नाचू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्याही ढगाकडे बघून हसत होत्या. "पुढच्या वेळी मी ठरवणार."

"पुढच्या वेळी म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "मला अजून एक पाय आहे म्हणून?"

डॉक्टरांनी सुताराच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. हे तुमच्या काळजीचं फळ. रोज न चुकता चालवलंत, म्हणून झालं. नातेवाईक घाबरून म्हाताऱ्या माणसांना झोपवून ठेवतात, तिथे घोटाळा होतो."

सुताराने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई छताकडे बघत होत्या. छतावर काही नव्हतं.

"जावई फार कडक आहेत," त्या म्हणाल्या. "एक दिवस चुकू दिला नाही."

परतताना भाड्याच्या गाडीत त्यांनी मुलाला फोन लावला. हाड जुळतंय. गाडी आणू नकोस, पेट्रोल वाचव. बायकोला सांग, तिची आठवण येते. फोन ठेवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि घर येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. सुताराला आठवत होतं तेवढ्या काळात असं पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जाग्या झाल्या तेव्हा सुतार स्वयंपाकघराच्या दाराशी गुडघ्यावर बसला होता. त्याने लाकडाची एक मूठ घडवून आणली होती, पकडायला जाड, आतून हाताच्या आकाराची. ती तो दारावर बसवत होता, कमरेच्या उंचीला, त्या मळकट डागाच्या जागी.

"हे काय?"

"मूठ."

"दाराला कडी आहे की."

"ती उंच आहे."

"कुणाला उंच आहे?"

सुताराने चौथा स्क्रू पिळला. "मांजराला," तो म्हणाला.

सासूबाईंनी मुठीकडे निरखून बघितलं. मग कठडा बाजूला करून त्यांनी पाय खाली सोडले. तो उठायला गेला तसा त्यांनी हात वर केला. वॉकरवरचा टॉवेल काढून रुंदीत घडी घातली, खाटेवर ठेवली, आणि टक् टक् करत, पाय जरा ओढत, दारापर्यंत आल्या. वॉकर सोडला. मूठ धरली. मूठ त्यांच्या हातात बरोबर बसली.

"केव्हापासून माहीत होतं?"

"काय?"

"काही नाही."

त्यांनी मूठ हलवून बघितली. दार खाली झुकलं, कुरकुरलं. त्यांनी मान वर करून वरच्या बिजागरीकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. दीड वर्षात त्यांनी तिकडे बघितल्याचं त्याने पाहिलं नव्हतं.

"तुमची बायको असती तर म्हणाली असती," त्या म्हणाल्या, "मूठ बसवायला वेळ आहे, बिजागरी बसवायला नाही."

"म्हणाली असती."

"चढा मग. मी धरते."

त्याने कोपऱ्यातलं स्टूल आणलं. झाकणातला स्क्रू घेतला, पेचकस घेतला, आणि वर चढला. सासूबाईंनी मुठीला धरून दार उचललं, चांगलं उचललं, दोन्ही पायांवर उभं राहून. बिजागरीचं भोक चौकटीच्या भोकासमोर आलं. हात मोकळे हवेत म्हणून त्याने स्क्रू ओठांत धरला.

आणि तसाच उभा राहिला.

सासूबाईंनी दार तसंच धरून ठेवलं. दोघंही खिडकीत ठेवलेल्या फोनकडे बघत होते. फोन वाजला नाही. अंगणात काकू मांजराला हाका मारत होत्या. मांजर खाटेवर, टॉवेलच्या घडीवर जाऊन बसलं होतं.

"आधी चहा घेऊ," सासूबाई म्हणाल्या.

सुताराने स्क्रू तोंडातून काढला. "घेऊ," तो म्हणाला आणि खाली उतरला.

चहा सासूबाईंनी केला, ओट्याला टेकून, उभ्याने. साखर त्यांच्याही हातून जास्त पडली, आणि त्यावरून बरंच बोलणं झालं. आता त्या रोज त्या मुठीला धरून आत-बाहेर करतात, आणि दार त्यांचा भार नीट घेतं. मूठ चारही स्क्रूंवर पक्की आहे. वरच्या बिजागरीचा तिसरा स्क्रू तेवढा बसवायचा राहिला आहे.